सजीव सूक्ष्मजीवांची आयात : कारकुनी की शास्त्र?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. परदेशातून सजीव जिवाणू किंवा बुरशी मागवताना लागू होणाऱ्या जैवसुरक्षा नियमांच्या क्षेत्रात काम करावे, असे वाटते. बाबांच्या मते ही कारकुनी आहे आणि ती करायचीच असेल, तर कायद्याची पदवी घ्यावी. मी काय करावे?

उत्तर : कायद्याचे शिक्षण पुढे उपयोगी पडेल; पण आधी पदव्युत्तर शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातच घ्या. आयातीचा अर्ज तपासणाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टी ठरवायच्या असतात : येणारा जीव नेमका कोणता आहे आणि तो प्रयोगशाळेबाहेर निसटला, तर इथल्या पिकांत, जनावरांत किंवा मातीत तग धरेल का. याची उत्तरे कायद्याच्या कलमांत सापडत नाहीत.

समजा, अर्जात केवळ ‘फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम’ एवढेच लिहिले आहे. या बुरशीचे कित्येक स्ट्रेन (एकाच प्रजातीतले उपप्रकार) मातीत निरुपद्रवीपणे राहतात. मात्र ‘ट्रॉपिकल रेस ४’ हा तिचा प्रकार केळीच्या बागा वाळवतो आणि एकदा शिरला की त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतो. म्हणूनच स्ट्रेनचा क्रमांक, तो सूक्ष्मजीवांच्या कोणत्या संग्रहातून येत आहे, मुळात कोणत्या वनस्पतीवरून किंवा मातीतून वेगळा केला आणि त्याची ओळख कशी पटवली, हे सारे विचारावे लागते. विद्यार्थी बहुधा सूक्ष्मजीवांचे १ ते ४ हे जोखीम गट पाठ करून येतात आणि तिथेच थांबतात; पण हे गट मुख्यतः माणसाला असलेल्या धोक्यावरून ठरतात. ‘झायलेला फॅस्टिडिओसा’ माणसाला आजारी पाडत नाही, तरीही २०१३ मध्ये दक्षिण इटलीत आढळल्यापासून या जिवाणूने तिथल्या ऑलिव्हच्या झाडांची मोठी हानी केली आहे.

अनेक देशांत माणूस, जनावरे आणि पिके यांच्यासाठी वेगवेगळ्या यंत्रणा असतात, त्यामुळे एकाच कल्चरला (प्रयोगशाळेत वाढवलेल्या सूक्ष्मजीवांना) दोन परवाने लागू शकतात. जनुकीय बदल केलेला जीव असेल, तर २००० मध्ये स्वीकारलेल्या कार्टाजेना करारावर आधारलेले नियमही पाहावे लागतात. परवाना हाती आला तरी काम संपत नाही. संसर्गजन्य कल्चर तीन आवरणांत बंद करावे लागते, आणि सोबत ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) असेल तर तो दुसऱ्या आवरणाच्या बाहेर ठेवावा लागतो व बाहेरच्या खोक्यातून वायू निघून जाईल अशी सोय लागते. अन्यथा दाबाने खोके फुटू शकते. उरलेले कल्चर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) नष्ट केल्याची नोंदही अनेकदा मागितली जाते.

बाबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. दिवसाचा मोठा भाग कागदपत्रांतच जातो, आणि सतत प्रयोगाच्या टेबलापाशी राहायला आवडणाऱ्याला हे काम लवकर नकोसे होते. नोकऱ्या क्वारंटाइन यंत्रणा, कल्चर संग्रह, लसनिर्मिती व जैविक कीडनियंत्रणाच्या कंपन्या आणि विद्यापीठांच्या जैवसुरक्षा समित्यांमध्ये मिळतात. वनस्पतिरोगशास्त्र किंवा पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी एक विषय नीट धरा, प्रबंध स्ट्रेनच्या ओळखीवर करा आणि जैवसुरक्षेचे प्रशिक्षण त्यानंतर घ्या. त्याआधी आयात परवान्याचा कोरा अर्ज मिळवून, विभागाच्या संग्रहातील एखाद्या स्ट्रेनसाठी तो भरून पाहा आणि ज्या रकान्यांची उत्तरे देता आली नाहीत, ते घेऊन प्राध्यापकांकडे जा.