ग्राहक, ग्राही आणि खपली धरणं

प्रश्न असा आहे: आरोग्यविषयक एका भाषांतरात इंटेग्रिन या प्रथिनाला ‘पेशीपृष्ठावरील आसंजन-ग्राहक’ म्हटलंय. इथे ‘ग्राहक’ चालेल का? आणि ‘आसंजन’ला साधा मराठी शब्द नाही का?

‘ग्राहक’ व्याकरणात बसतो. ग्रह् म्हणजे घेणं, धरणं. ग्राहक आणि ग्राही दोन्ही त्याचेच. पण आज ग्राहक म्हटलं की दुकानाचा गल्ला डोळ्यांपुढे येतो. रिसेप्टरला, म्हणजे ठरावीक रेणू धरणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला, ‘ग्राही’च म्हणावं. ‘गुणग्राही’मुळे तो कानाला परकाही वाटत नाही.

‘आसंजन’च्या मुळाशी सञ्ज् धातू आहे, अर्थ चिकटणं. संग, प्रसंग, आसक्ती, निःसंग ही सगळी त्याचीच भावंडं. आसक्ती सोडा असं संत सांगतात, पण पेशीला ते परवडत नाही. ऊतीतल्या बहुतेक पेशींची भोवतालच्या तंतुजाळ्यावरची पकड सुटली, की त्या स्वतःच मरण ओढवून घेतात. या मरणाला १९९४ साली ‘अनॉइकिस’ असं ग्रीक नाव मिळालं, अर्थ बेघरपणा. (कर्करोगाच्या पेशी यातून निसटतात आणि निःसंग होऊन शरीरभर फिरतात, हे वेगळं.)

तेव्हा शब्द म्हणून आसंजन वाईट नाही. माझी हरकत आहे ती त्याचं सोपं रूप म्हणून सर्रास लिहिल्या जाणाऱ्या ‘चिकटणं’ला. चिकटतो तो डिंक, आणि डिंक स्वतःहून सोडत नाही. इंटेग्रिन मात्र धरतं आणि सोडतंही. त्याच्या दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. माणसात १८ प्रकारच्या अल्फा आणि ८ प्रकारच्या बीटा साखळ्यांतून २४ जोड्या जमतात. त्यांचं डोकं पेशीबाहेर, शेपूट आत. कामाशिवाय हे प्रथिन गुडघ्यात दुमडून बसल्यासारखं असतं. आतून निरोप आला की ताठ होतं आणि बाहेरचं काहीतरी पकडतं.

रक्तातल्या बिंबिकांचं (प्लेटलेट्सचं) उदाहरण घ्या. त्यांच्या पृष्ठभागावर एक इंटेग्रिन भरपूर असतं, पण रक्तवाहिनी धड असेपर्यंत ते मिटलेलं. जखम झाली की ते उघडतं आणि फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन धरतं. त्या दुव्यांनी बिंबिका एकमेकींना जोडल्या जाऊन बुच बसतं. ते सदासर्वदा चिकट असतं तर धडधाकट वाहिन्यांतही गुठळ्या झाल्या असत्या. उलट, ज्यांच्यात ते जन्मतःच नसतं किंवा बिघडलेलं असतं, त्यांचं रक्त लवकर थांबत नाही. १९१८ साली ग्लान्झमान या स्विस बालरोगतज्ज्ञाने हा विकार प्रथम नोंदवला.

म्हणजे क्रियापद हवं ‘धरणं’. आणि ते मराठीने कधीच दिलेलं आहे: रोप मूळ धरतं, जखम खपली धरते. म्हणून मी लिहीन: ‘इंटेग्रिन हे पेशीला जागेवर धरून ठेवणारं ग्राही-प्रथिन आहे.’ मथळ्यात किंवा तक्त्यात नामच हवं असेल तर आसंजन खुशाल ठेवा.

‘इंटेग्रिन’ला मात्र प्रतिशब्द घडवू नका. पेशीपटलाचाच अंगभूत घटक असून ते आतला सांगाडा आणि बाहेरचं जाळं जोडतं, म्हणून १९८६ साली हे नाव ठेवलं गेलं. ‘एकात्मिनी’सारखं काही केलंत तर वाचकाला मूळ नाव शोधत बसावं लागेल. लिंग ‘प्रथिन’प्रमाणे नपुंसक ठेवा: ते इंटेग्रिन, ती इंटेग्रिनं.