भाडेकरू ठेवला म्हणून महिना तीन हजार? सोसायटीच्या स्मरणपत्राला उत्तर कसे द्याल

प्रश्न : डोंबिवलीत माझ्या नावावर वन बीएचके फ्लॅट आहे, शेअर सर्टिफिकेटही माझ्याच नावे आहे. बदलीमुळे मी दोन वर्षांपासून नाशिकला राहते. पहिले नऊ महिने माझा सख्खा धाकटा भाऊ कुटुंबासह तिथे राहिला, भाडे घेतले नाही. नंतरचे पंधरा महिने दोन अविवाहित नर्स भाड्याने राहतात. त्यांच्याशी करार नोटरी करून केला आहे. मेंटेनन्सचे ४,३०० रुपये मी दरमहा ऑनलाइन भरते. आता सोसायटीने ‘सभासदांसाठी सूचना व स्मरण’ असे परिपत्रक काढले आहे : बाहेर राहणाऱ्या सभासदाला महिना ३,००० रुपये बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः राहत नाही म्हणून घेतला जाणारा आकार), थकबाकीवर २१ टक्के व्याज, बॅचलर भाडेकरूंना बंदी, भाडेकरूसाठी समितीची एनओसी सक्तीची, आणि पंधरा दिवसांत पैसे न भरल्यास पाणी बंद. माझ्या नावे ८८,५३३ रुपयांची मागणी आहे. बिल आणि खातेउतारा सोबत पाठवते. सचिव म्हणतात, ‘जनरल बॉडीने बहुमताने ठराव केलाय, आता काही होणार नाही.’ मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्याकडून निघणारी खरी रक्कम साडेतीन हजारांच्या आसपास आहे. हिशोब पुढे देतो. पण त्याआधी एक गोष्ट. परिपत्रक चुकीचे आहे म्हणून रागाने सगळेच पैसे भरणे थांबवू नका. जिंकण्यासारखी बाजू माणसे तिथेच घालवतात.

बहुमताचा मुद्दा आधी निकाली काढू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९-अ खाली शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी आदेश काढला. त्यानुसार गृहनिर्माण संस्थेला बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबईतील माँट ब्लांक सोसायटीने या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. २००७ मध्ये न्यायालयाने शासनाचा आदेश कायम ठेवला. त्यामुळे सर्वसाधारण सभा दहा टक्क्यांपेक्षा कमी ठरवू शकते, जास्त नाही. शंभर टक्के सभासदांनी हात वर केले तरी नाही.

इथे एक खात्री करून घ्या. तुमची इमारत नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे ना? शेअर सर्टिफिकेटवर किंवा बिलाच्या डोक्यावर नोंदणी क्रमांक असतो. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या इमारतीला लोक बोलताना सोसायटीच म्हणतात, पुण्यात तर सर्रास. पण हा आदेश सहकारी संस्थांसाठी आहे. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि त्यासोबतचे उपविधी (इमारतीची नियमावली) पाहावे लागतील आणि वाट वेगळी होईल. तुमच्या पत्रात शेअर सर्टिफिकेटचा उल्लेख आहे, म्हणून मी सहकारी संस्था धरून पुढे जातो.

आता दहा टक्के कशाचे? भांडणाचे मूळ इथेच असते. तुम्ही पाठवलेल्या बिलात सेवा शुल्क २,१००, मालमत्ता कर ७४०, पाणी ३६०, दुरुस्ती निधी ४५०, सिंकिंग फंड (भविष्यातल्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) १५०, लिफ्ट ३०० आणि पार्किंग २०० असे ४,३०० रुपये आहेत. सेवा शुल्क म्हणजे वॉचमन, माळी, कार्यालयीन नोकर यांचे पगार, जिन्यातले आणि आवारातले दिवे, छपाई-स्टेशनरी, ऑडिट फी, सभेचा खर्च, फेडरेशनची वर्गणी, वकिलाची फी असली खाती. पाणी, लिफ्ट, निधी, कर, पार्किंग ही उपविधींत स्वतंत्र खाती आहेत, त्यांवर दहा टक्के लागत नाहीत. तेव्हा तुमचे बिनभोगवटा शुल्क महिना २१० रुपये. ४३० नाही, आणि ३,००० तर नाहीच. तुमच्या बिलात फोड तरी आहे. काही सोसायट्या नुसते ‘मेंटेनन्स’ असा एकच आकडा छापतात आणि त्या सगळ्यावर टक्का लावतात. असे बिल असेल तर आधी फोड लेखी मागायची.

भाऊ राहत होता ते नऊ महिने पूर्ण वगळा. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई, सून, नातवंडे अशा जवळच्या नातलगांना जागा वापरायला दिली तर हे शुल्क लागतच नाही. पुरावा मात्र हाताशी ठेवा : भावाचे त्या काळातले गॅसचे बिल, बँकेचा किंवा आधारचा तो पत्ता, मुलाच्या शाळेची पावती, जे असेल ते. आणि नाते दाखवणारा एखादा कागद, म्हणजे रेशन कार्ड किंवा दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले.

राहिले पंधरा महिने. १५ गुणिले २१० म्हणजे ३,१५० रुपये.

व्याजाकडे बारकाईने पाहा. मागणी ७२,००० अधिक १६,५३३ अशी आहे. दरमहा ३,००० प्रमाणे चोवीस महिन्यांवर २१ टक्के सरळव्याज काढले, तर ते १४,४९० होते. १६,५३३ हा आकडा महिन्याच्या महिन्याला १.७५ टक्के व्याज मुद्दलात मिळवत गेल्यावरच येतो, म्हणजे चक्रवाढ. सहकार खात्याच्या २०१४ च्या आदर्श (नमुना) उपविधींत २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे आणि तीही सरळव्याजाची. सभेने कमी दर ठरवला असेल तर तोच लागू. हे बहुधा कोणी मुद्दाम केलेले नसते. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या बिलाची एकूण बाकी, व्याजासकट, पुढच्या बिलात ‘थकबाकी’ म्हणून जाते आणि त्यावर पुन्हा व्याज लागते. मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यांत ठेवले तर हा घोळ होत नाही. तुमच्या ३,१५० वर २१ टक्क्यांनी सरळव्याज ३८६ रुपये होते. योग्य दराने मागणीच झालेली नसताना व्याज का द्यायचे, असा युक्तिवाद करता येईल. पण ३८६ रुपयांसाठी मी तो करणार नाही. एकूण ३,५३६ भरून टाका, म्हणजे ‘थकबाकीदार’ म्हणायला जागा उरत नाही. पुढच्या महिन्यापासून ४,५१० भरा.

पैसे नुसते ट्रान्सफर करू नका. खातेउताऱ्यात सोसायटीने तुमचे दरमहाचे ४,३०० आधी बिनभोगवटा शुल्कात आणि व्याजात जमा केले आहेत, म्हणून रेग्युलर मेंटेनन्सच थकल्याचे दिसते. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ५९ सांगते की एकापेक्षा जास्त देणी असताना पैसे देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी देतो हे कळवले आणि घेणाऱ्याने पैसे स्वीकारले, तर ते त्याच देण्यात जमा करावे लागतात. ऑनलाइन भरताना ‘रिमार्क’च्या चौकटीत एवढे मावत नाही, म्हणून त्याच दिवशी पत्र द्या. मजकूर साधा ठेवा :

‘सदनिका क्रमांक अमुक. आज रु. ३,५३६ भरले आहेत. त्यापैकी रु. ३,१५० हे पंधरा महिन्यांचे बिनभोगवटा शुल्क, सेवा शुल्क रु. २,१०० च्या १० टक्के दराने, आणि रु. ३८६ त्यावरील सरळव्याज. ही रक्कम याच कारणासाठी जमा करावी. यापूर्वी दरमहा भरलेले रु. ४,३०० त्या-त्या महिन्याच्या नियमित देयकापोटी होते, त्याप्रमाणे खातेउतारा दुरुस्त करावा. उर्वरित मागणी १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाविरुद्ध असल्याने मला मान्य नाही.’

याच पत्रात कागद मागा : ज्या सभेत ठराव झाला तिची सूचना, विषयपत्रिका, इतिवृत्त, तुमच्या खात्याचा उतारा आणि संस्थेचे नोंदणीकृत उपविधी. २०१९ मध्ये सहकारी संस्था कायद्यात आलेल्या कलम १५४ब-८ नुसार सभासदाने लेखी मागणी करून शुल्क भरले की पंचेचाळीस दिवसांत प्रती द्याव्या लागतात. वार्षिक सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी मिळायला हवी आणि शुल्कवाढ विषयपत्रिकेवर असायला हवी. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या ओळीखाली असले ठराव घुसवलेले मी बरेचदा पाहतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, सही, तारीख घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टने पोच-पावतीसह पाठवा आणि सोसायटीच्या ईमेलवरही टाका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा वाद काढू नका. तिथे लिहिलेले एखादे तिरके वाक्य नंतर तुमच्याच विरुद्ध फायलीला लागते.

पाणी तोडण्याच्या धमकीबद्दल. थकबाकी वसूल करायला कायद्याने सोसायटीला स्वतंत्र मार्ग दिला आहे : त्याच कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडे (सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करून वसुली दाखला, म्हणजे वसुलीचा हुकूम, घेणे. पाणी, वीज, लिफ्ट बंद करण्याचा अधिकार ना कायद्यात आहे ना उपविधींत. पत्रात हे एका वाक्यात लिहून ठेवा. खरेच तोडले तर त्याच दिवशी उपनिबंधकांकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि सहकार न्यायालयात कलम ९१ चा दावा दाखल करून कलम ९५ खाली अंतरिम आदेश मागा. बंद केलेल्या व्हॉल्व्हचा फोटो, भाडेकरूंनी मागवलेल्या टँकरची किंवा पाण्याच्या जारची पावती त्या अर्जाला जोडायला लागते, ती जपून ठेवा.

उत्तर दिल्यावरही मागणी मागे घेतली नाही, तर तुमच्या प्रभागाच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात अर्ज करा. सोबत परिपत्रक, बिले, खातेउतारा, बँकेचे स्टेटमेंट, तुमचे पोच असलेले पत्र आणि वरचा हिशोब एका पानावर मांडून जोडा. कलम ७९-अ च्या निर्देशांचे पालन न करणाऱ्या समिती सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार निबंधकांना आहे. अर्जात त्याचा नुसता उल्लेख केला तरी पुष्कळ समित्या वाटाघाटीला येतात.

आणि सोसायटीच आधी वसुली दाखल्यासाठी गेली तर? उपनिबंधकांची नोटीस येईल. बहुतेक सभासद इथे चुकतात. ‘आपली बाजू खरी आहे, जायचे कशाला’ म्हणून तारखेला जात नाहीत, दाखला एकतर्फी निघतो आणि ८८,५३३ रुपये जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होऊ शकतात. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीचा अर्ज) करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणजे ४४ हजारांवर नुसते दाद मागण्यासाठी. नाशिकच्या पत्त्यावर नोटीस येईल असे धरू नका, ती डोंबिवलीच्या दारावर चिकटेल. सोसायटीला नाशिकचा पत्रव्यवहाराचा पत्ता आजच लेखी कळवा.

एनओसी आणि बॅचलर या कलमांना फारसे महत्त्व देऊ नका. लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर) जागा द्यायला आदर्श उपविधींनुसार समितीची परवानगी लागत नाही, आधी कळवावे लागते. अविवाहितांना बंदी घालण्याचा आधार उपविधींत नाही. गोंगाट, पार्किंग, कचरा यांचे नियम सगळ्यांना सारखे लावता येतात, तेवढेच.

मात्र परिपत्रकातली एक आठवण बरोबर आहे, आणि तिथे तुमची बाजू कच्ची आहे. नोंदणीकृत कराराची प्रत आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांना दिल्याची पोच समिती मागते, ती द्यायलाच हवी. तुमचा करार फक्त नोटरीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ म्हणते की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय उद्या अटींवरून वाद झाला तर भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते. नोटरीच्या शिक्क्याने यातले काही सुटत नाही.

जुना करार आता नोंदवता येणार नाही. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला द्यावा लागतो आणि दंड भरून आणखी चार महिने मिळतात, तेही तुमच्या बाबतीत उलटले आहेत. म्हणून आजच्या तारखेचा नवा करार करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणीतून तो घरबसल्या होतो. दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे आधार, फोटो, अंगठे लागतात. मुद्रांक शुल्क मुदतीच्या एकूण भाड्यावर ०.२५ टक्के (अनामत मोठी असेल तर तिचाही हिशोब धरतात) आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. त्यानंतर पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूंची माहिती भरा, तिची पोच छापा आणि दोन्ही कागद सोसायटीला द्या.

क्रम असा ठेवा : आधी करार नोंदवा, मग ३,५३६ भरा आणि त्याच दिवशी पत्र द्या. पंधरा दिवसांची मुदत परिपत्रकाच्या तारखेपासून धरली तरी हे सगळे तीत बसते. उपनिबंधकांकडचा अर्ज मात्र सोसायटीच्या उत्तरासाठी पंधरा दिवस थांबून करा, म्हणजे ‘आम्हाला संधीच दिली नाही’ असे समितीला म्हणता येणार नाही.