पायांवरची सूज आणि नवी गोळी

प्रश्न : प्रगत परिचर्येचे प्रशिक्षण पूर्ण करून मला नुकताच औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला आहे. उच्च रक्तदाब असलेल्या ८२ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या एक बाई दोन्ही घोट्यांवर सूज आल्याची तक्रार घेऊन आल्या. रक्तदाब आटोक्यात येत नसल्याने दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या अ‍ॅम्लोडिपिनची मात्रा ५ वरून १० मिलिग्रॅम केली होती. मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी, क्रिएटिनिन, १.१ म्हणजे नॉर्मल होती. मी फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी लिहिली. वरिष्ठ डॉक्टरांनी ती खोडली आणि ‘आधी त्या काय काय घेतात ते विचारा’ एवढेच म्हणाले. विचारल्यावर कळले की गुडघेदुखीसाठी त्या चार महिने स्वतःहून आयबुप्रोफेन घेत आहेत. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : तुमची औषधाची निवड चुकली त्यापेक्षा विचाराचा क्रम चुकला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत औषधोपचाराच्या सहा पायऱ्या दिल्या आहेत : रुग्णाची समस्या नेमकी ठरवणे, उपचारातून काय साधायचे ते ठरवणे, निवडलेले औषध याच रुग्णाला योग्य आहे का हे पडताळणे, उपचार सुरू करणे, रुग्णाला माहिती देणे आणि परिणामावर लक्ष ठेवणे. तुम्ही पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर गेलात, आणि पहिली पायरीही अर्धीच चढला होतात, कारण ‘सूज’ हे लक्षण आहे, निदान नव्हे.

अ‍ॅम्लोडिपिनने लहान रोहिण्या सैलावतात, पण शिरा त्या प्रमाणात सैलावत नाहीत; त्यामुळे केशवाहिन्यांतील दाब वाढतो आणि द्रव ऊतींमध्ये झिरपतो. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसते, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. मात्रा वाढली की ती वाढते, आणि येथे मात्रा दुप्पट झाली होती. आता मागे जाऊन पाहा : आयबुप्रोफेन मूत्रपिंडात मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब चढवते. म्हणजे बहुधा आयबुप्रोफेनने रक्तदाब वाढला, त्यासाठी अ‍ॅम्लोडिपिन वाढवले, त्याने सूज आली आणि त्या सुजेसाठी तुम्ही फ्युरोसेमाइड लिहिले. त्याने पोटॅशियम उतरले असते, युरिक अ‍ॅसिड चढले असते, आणि कदाचित सहा महिन्यांनी कुणीतरी गाउटचे औषध लिहिले असते. अशा साखळीतली प्रत्येक चिठ्ठी एकेकटी पाहिली तर समंजसच वाटते, हीच तर पंचाईत आहे.

अर्थात प्रत्येक सूज औषधाचीच असते असे मानणेही तितकेच घातक आहे. धाप लागते का, उताणे झोपता येते का, सूज एकाच पायाला आहे का, लघवीतून प्रथिने जातात का, हे पाहिल्याशिवाय हृदय, मूत्रपिंड आणि शिरेतील गुठळी यांना बाजूला सारता येत नाही.

आता क्रिएटिनिनबद्दल, कारण ‘नॉर्मल’ या शब्दाने तुम्हाला फसवले आहे. मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते याचा अंदाज देणारे, १९७६ मधील कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे सूत्र हाताशी घ्या. १४० मधून वय वजा केले की ५८ उरतात; त्यांना वजनाने, म्हणजे ४५ ने गुणले की २६१०; त्याला ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२ ने भागले की सुमारे ३३. आणि स्त्री असल्याने ०.८५ ने गुणले की मिनिटाला २८ मिलिलिटर, म्हणजे बरेच कमी. वय झालेल्या, किरकोळ बांध्याच्या व्यक्तीत स्नायू कमी असतात, म्हणून क्रिएटिनिनही कमी तयार होते आणि अहवाल निर्धास्त दिसतो. अशा मूत्रपिंडाला आयबुप्रोफेन झेपत नाही, आणि गॅबापेन्टिन किंवा डायगॉक्सिन यांसारख्या मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या औषधांची नेहमीची मात्राही चालत नाही. पुढे रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर द्यायचे ठरले, तर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासा. एसीई इनहिबिटर, लघवीची गोळी आणि आयबुप्रोफेन हे त्रिकूट तर एकत्र येऊच देऊ नका. तुमच्या रुग्णासाठी वरिष्ठांशी बोलून आयबुप्रोफेन थांबवणे, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम सुचवणे, आणि रक्तदाब पाहत अ‍ॅम्लोडिपिन कमी करणे हा पहिला मार्ग मी सुचवेन. यात नव्या रक्तदाबाच्या गोळीची गरजच पडणार नाही, असेही होऊ शकते.

प्रश्न : विशेषज्ञांनी सुरू केलेले मेथोट्रेक्सेट ‘पूर्वीप्रमाणे चालू’ असे लिहून मी पुढे देऊ शकते का?

उत्तर : तसे लिहू नका. ज्याची सही, त्याची जबाबदारी. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ते चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावले आहेत, म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव लिहा आणि रुग्णाकडून ते परत वदवून घ्या. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांचे ताजे अहवाल समोर असल्याशिवाय सही करू नका. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी ट्रायमेथोप्रिम दिले आहे का, हेही विचारा. दोन्ही मिळून अस्थिमज्जा दडपली जाऊ शकते.

लिहिण्याबद्दल दोन गोष्टी येथेच सांगते. ‘१.०’ लिहिले की टिंब पुसट होऊन ते १० वाचले जाते, म्हणून नुसते १ लिहा. मात्र अर्ध्यासाठी ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहा. युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ हे एकच अक्षर लिहिले तर घाईत ते शून्यासारखे दिसते आणि इन्सुलिनची ४ युनिट ४० होतात. मायक्रोग्रॅमही पूर्ण शब्दांतच लिहा.

प्रश्न : घरच्या माणसांसाठी औषध लिहिले तर?

उत्तर : टाळा. घरी आपण ना नीट तपासतो, ना अडचणीचे प्रश्न विचारतो, ना कुठे नोंद ठेवतो.