आधी बाटली हातात घे

पोरी,

रविवारी फोनवर तू एकच प्रश्न तीनदा विचारलास, “काका, मी सांगितलं ते चूक होतं का?” चूक नव्हतं. तीन महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, पाणीसुद्धा नाही. ते तू त्या आजीला सांगितलंस, आणि तुझ्या औषधखिडकीपुढच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंस. आजी नातवाला उचलून तरातरा निघून गेली, सून तिच्या मागे. बुधवारी लसीकरणाला दोघी फिरकल्या नाहीत. पोराचा 14 आठवड्यांचा डोस हुकला.

मी उलट विचारलं, आजीच्या हातातल्या बाटलीवर काय लिहिलं होतं? तू थांबलीस. मग म्हणालीस, “ग्राईप वॉटर असेल, नाहीतर घुटी. काय फरक पडतो? द्यायचं तर काहीच नाही ना!”

तिथं फोन कट झाला. रेंज गेली नव्हती, मीच ठेवला. बोललो असतो तर वाकडं बोललो असतो.

फरक पडतो, बाई. ग्राईप वॉटर काढलं विल्यम वुडवर्ड नावाच्या इंग्रज औषधविक्रेत्यानं, नॉटिंगहॅममध्ये, 1851 साली. तुझ्यामाझ्याच धंद्यातला माणूस. खायचा सोडा, साखर, पाणी, शेपूच्या बियांचं तेल, आणि जुन्या नुसख्यात 3.6 टक्के अल्कोहोल. रडणारं पोर गपगार का व्हायचं ते बघ. आता बाटलीवर ‘अल्कोहोल नाही’ असं छापलेलं असतं, ते वाचून घ्यायचं काम तुझं. आणि ती आजी सुनेला जेवण झाल्यावर बाळंतशेपा खायला देते ना, तो त्याच शेपूचा. नॉटिंगहॅमचा वुडवर्ड आणि तुझ्या गावची आजी एकाच झाडापाशी येऊन बसले, एवढं तिला सांगितलं असतंस तर ती पाच मिनिटं थांबली असती. पाच मिनिटांत पुष्कळ बोलता येतं.

घुटी असेल तर बोलणं निराळं. सहाणेवर काय काय उगाळते, कितीदा, सहाण कुठं धुते. जायफळाचे वेढे किती घेते, कारण वेढे वाढले की बाळ गुंगतं. मध घालते का, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम, म्हणजे जंतूच्या विषानं अंग लुळं पडण्याचा आजार, होऊ शकतो, आणि ‘मध तर देवाचं’ असं म्हणणारी बाई हे कुठून ओळखणार? आणि बाजारच्या दिवशी घेतलेली बिनलेबलाची बाटली असेल तर मग पोरी, तू आरडाओरडा न करता दार लावून बसायला हवं होतंस. आपल्याकडं बाळागोळी नावाचा प्रकार होता. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया पोरांना ती देऊन पाळीवर जायच्या. त्यात अफू असायची.

तीन बाटल्या, तीन निराळी बोलणी. तू चौथंच केलंस. बाटली न बघता बोललीस.

आधी बाटली हातात घे. छत्तीस वर्षं खिडकीत बसून मला एवढंच आलं. बाकीचं तुला कॉलेजात माझ्यापेक्षा बरं शिकवलंय.

मी 1979 साली आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीत बसलो तेव्हा लोक औषधाला घरून बाटली आणायचे. आपल्याकडं कार्मिनेटिव्ह मिक्श्चरची, म्हणजे पोटातल्या वाताच्या औषधाची, मोठी बरणी, लोक त्याला ‘लाल औषध’ म्हणत. आणलेली बाटली कधी वुडवर्ड्सची, कधी डोंगरे बालामृताची, कधी घासलेटाचा वास जाता जात नाही अशी. बाटली विसळायची, लाल औषध ओतायचं, कागदाची पट्टी कापून तिला कातरीनं खाचा पाडायच्या, खळ लावून बाटलीच्या अंगाला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. निम्म्या बायांना वाचता येत नसे, पण खाच चुकायची नाही. म्हणजे सरकारी औषध आणि पेटंट औषध एकाच बाटलीत, लेबल वुडवर्डचं आणि खाचा माझ्या. ‘यांची औषधं आणि आपली औषधं’ अशी रेघ तू फोनवर मारत होतीस तेव्हा मला ती बाटली दिसत होती.

आपल्या बाजूलाही फार उजेड नव्हता. डोकं दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येकाला मी एपीसीची गोळी दिली आहे. ॲस्पिरिन, फेनॅसेटिन, कॅफीन. चांगली लागू पडायची, लोक दुवा द्यायचे. 1983 साली फेनॅसेटिनवर बंदी आली, मूत्रपिंडं खराब करतं म्हणून. चार वर्षं मी ते मुठीनं वाटलं, डबा सरकारचा होता, लेबल नीट होतं. आणि लेबल नीट असलं म्हणून आत तेच असतं असंही नाही. 1986 साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून जे पाजलं त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, 14 माणसं गेली, चौकशीला लेंटिन आयोग बसला. तेव्हा कडोसरीला बामची डबी खोचणाऱ्या म्हातारीला हसताना जरा जपून.

आता ते सांगतो, जे रविवारी सांगायचं होतं.

लोक ऐकत नाहीत याचं तुला दुःख आहे. माझ्या वाट्याला ऐकणारी बाई आली.

ऊसतोडीला जाणारी. दिवाळीनंतर गाडी भरायची ती उन्हाळ्यात परत यायची. पहाटे फडात शिरणं, दिवसभर वाकून तोडणं, मग मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणं. त्यांच्या बोचक्यात मिठामिरचीबरोबर बामची डबी आणि दुखण्याच्या गोळ्या असतातच, त्याशिवाय कंबर सकाळी उभी राहत नाही. या बाईला आठवडी बाजारात कुणीतरी सांधेदुखीच्या पुड्या दिल्या होत्या. जडीबुटी, म्हणे. दोन हंगाम घेत होती. खिडकीशी येऊन कौतुकानं सांगितलं, गुडघे दुखत नाहीत, भूक लागते, अंगही भरलंय. चेहरा गोल झाला होता. मी बघितला. बघितला आणि मला काही सुचलं नाही. मागं सत्तर-ऐंशी माणसं होती, डॉक्टर मीटिंगला गेले होते, मी डॉक्टर नव्हतो, निदान करणं माझं काम नव्हतं. हे सगळं खरं आहे. बघ, तीस वर्षांनीही मी पहिल्यांदा हेच सांगतो.

तिनं पुडी पुढं केली होती. मी हात लावला नाही. म्हणालो, “फेका तो कचरा. आजपासून बंद.”

तिनं फेकला.

पाच-सहा दिवसांनी तिला जीपमध्ये आडवी घालून आणली. उलट्या थांबेनात, नाडी लागेना. जिल्ह्याला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला खोदून खोदून विचारलं आणि उलगडा झाला. पुडीत जडीबुटीबरोबर स्टेरॉइड कुटून घातलेलं होतं. चेहरा गोल झाला तो त्यानंच. महिनोन्‌महिने बाहेरून आयतं मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं सोडून देतात. ते एका दिवसात तोडलं की शरीराकडं काहीच उरत नाही. हळूहळू, पायरी पायरीनं उतरवावं लागतं, तेही डॉक्टरच्या हाताखाली. हे पुस्तकातलं मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं.

ती वाचली. पण त्या वर्षी तिचा कोयता मोडला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तुला ठाऊकच आहे. मुकादमाची उचल घेऊन खर्च झाली होती. तिच्या जागी नववीतला पोरगा गेला. तो परत वर्गात बसला नाही. कधीमधी एसटी स्टँडवर भेटतो, वाकून नमस्कार करतो. त्याला काही माहीत नाही.

मी ती पुडी हातात घेतली असती, उघडून नखावर घेतली असती, ‘किती दिवस झाले?’ एवढं विचारलं असतं, तर तो गोल चेहरा मला बोलला असता. म्हणून म्हणतो, फेकायला सांगण्याआधी बाटली हातात घे. पुडी असो, डबी असो, ट्यूब असो. हातात घे.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. जो येईल त्याला म्हणायचो, घरात जे जे आहे ते पिशवीत घालून आणा. रांग वाढायची. एका डॉक्टरांनी वैतागून ‘काका, भंगारचं दुकान काढा’ असं सुनावलं. कुणीतरी तक्रार केली, वरून मेमो आला, मी खुलासा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशव्या मागवल्या. लेबलं उतरवून घेतलेल्या तीन वह्या अजून माझ्याकडं आहेत. बायको म्हणते रद्दीत घाला. घालणार नाही.

त्या वह्यांत काय आहे? जिंदा तिलिस्मात आहे. हैदराबादच्या हकीम मोहम्मद मोईजुद्दीन फारुकी यांनी 1920 साली काढलेलं. 1948 पर्यंत आपला मराठवाडा निजामाकडंच होता, त्यामुळं ती बाटली आपल्या आज्यांच्या फडताळात मुंबईच्या बाटल्यांइतकीच घरची. निलगिरीचं तेल, कापूर, मेंथॉल, ओव्याचं सत्त्व, आणि तो लाल रंग रतनजोतीचा. चहात दोन थेंब टाकून मीही घेतो, नाक मोकळं होतं. हसू नकोस. अमृतांजन आहे, 1893 साली मुंबईत नागेश्वर राव नावाच्या आंध्रच्या माणसानं सुरू केलेलं, गाण्याच्या बैठकीत फुकट वाटून वाटून लोकांना सवय लावली म्हणतात. बामला तू ‘प्लासिबो’, म्हणजे नुसतं मनाचं समाधान, म्हणालीस. तसं नाही. मेंथॉल कातडीतल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, मेंदूला गार वाटतं, ठणका मागं पडतो. बामातलं मिथाइल सॅलिसिलेट तर ॲस्पिरिनचंच भावंड. विंटरग्रीनचं तेल म्हणजे तेच, ते चमचाभर पोटात गेलं तर प्रौढांच्या विसाहून जास्त ॲस्पिरिनच्या गोळ्या गिळल्यासारखं होतं, पोर दगावू शकतं. कापूर पोटात गेला तर पोरांना झटके येतात. डबी फडताळात कितव्या फळीवर असते, हे विचारायचं. हे ‘बाम वापरू नका’ म्हणून समजत नाही, डबी हातात घेऊन वाचली की समजतं.

आणि गजकर्णाची मलमं. पूर्वीची लोशनं चरचर झोंबायची, सॅलिसिलिक ॲसिडनं कातडी सोलून निघायची. ‘झोंबलं म्हणजे लागू पडलं’ हा लोकांचा हिशेब. आता ट्यूबा आल्या, झोंबत नाहीत, दोन दिवसांत खाज बंद. आत क्लोबेटासॉल, म्हणजे जोरकस स्टेरॉइड. खाज दबते, बुरशी फोफावते, नायटा जांघेतून पोटावर चढतो. 2018 पासून अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण टपरीवर विचारून बघ. तुझ्या खिडकीशी चिडलेला नायटा आला तर ट्यूब मागून घे. रिकामी असली तरी.

किराणावाल्यावर तू भडकलीस. त्याचंही वाच. औषध नियमांचं परिशिष्ट के काढ. हजाराच्या आतल्या वस्तीत परवान्याशिवाय विकता येणाऱ्या घरगुती औषधांची यादी आहे त्यात. वेदनाशामक बाम आहे, ग्राईप वॉटर आहे, पॅरासिटामॉल आहे. अट अशी की मूळ न फोडलेल्या वेष्टनात विकायचं. तो कातरीनं एकेक गोळी कापून देतो, तारखेचा तुकडा त्याच्याकडंच राहतो, तिथं त्याला धर. कायद्यानं दिलेल्या गोष्टीवरून भांडलीस तर तो तुला दारात उभं करणार नाही, आणि त्याच्या दुकानात तुझ्या खिडकीपेक्षा जास्त आजारी माणसं येतात.

तू म्हणशील, काका, मला रोज दीडशे माणसं असतात, एवढा वेळ कुठून आणू? नाही वेळ. मलाही नव्हता. या विषयावर मी वाद घालणार नाही.

आता त्या आजीचं. सून सध्या खुरपायला जाते का, ते आशाताईंना विचार. माझा अंदाज जाते. सकाळी आठला गेलेली बाई दुपारी दोनला येते. ते सहा तास बाळ आणि आजी दोघंच घरात, बाळ भोकांड पसरणार, आणि दूध तर बांधावर. तू म्हणालीस ‘दुधाशिवाय काही नाही’. त्यात ते सहा तास कुठं होते? त्या सहा तासांसाठी तिनं किराण्यातून बाटली आणली. सुनेला दूध काढून ठेवायला शिकव, स्वच्छ वाटीत, झाकून, चमच्यानं पाजायचं. ते जमतंय असं दिसलं की बाटली आपोआप मागं सरकते. नाही सरकली तर पुन्हा जा.

बुधवारची वाट बघू नकोस. उद्या संध्याकाळी जा, ॲप्रन घालू नकोस, आशाताईंना बरोबर घे. चहा दिला तर घे. लसीचं शेवटी काढ. आधी म्हण, आजी, त्या दिवशी मी तुमची बाटली बघितलीच नाही, दाखवता का? ती आत जाईल, वेळ लावेल, कदाचित दाखवणारही नाही. दाखवली तर दोन्ही हातांत घे, उजेडाला धर, मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाच, तिला चष्मा लागत असेल. केवढ्याला घेतली तेही विचार.

आणि मला फोटो पाठव. मागच्या बाजूचा. बॅच नंबर दिसला पाहिजे.

तुझा,
खिडकीतला काका