जुनी इमारत दिव्यांगांना वापरता येते का, हे स्वतः कसं तपासायचं?

नाशिकमधल्या तुमच्या ३० वर्षं जुन्या वाचनालयाची पाहणी आर्किटेक्टला बोलावण्याआधी स्वतः करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. फक्त सुरुवात दारापासून नको, रिक्षा थांबते तिथून करा. तिथून काउंटर आणि पुढे स्वच्छतागृहापर्यंतची वाट सलग हवी. मध्ये एक पायरी आली तरी व्हीलचेअरवाल्यासाठी वाट तिथेच संपते.

मेजर टेप घ्या. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पायरीला किमान १.८ मीटर लांबी. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर आणि व्हीलचेअर वळवायला दीड मीटर जागा.

पण टेपला सगळं कळत नाही. पंचवटीतल्या एका सभागृहात रॅम्पचं माप अगदी बरोबर होतं, फरशी मात्र गुळगुळीत. पावसात एका काकूंच्या कुबडीचं रबर सर्रकन सरकलं. कठडा हाताशी होता म्हणून त्या वाचल्या. तिथल्याच स्वच्छतागृहाचं दार आत उघडत होतं. आत कोणी पडलं तर ते बाहेरून ढकलताही येणार नाही. आणि आधाराच्या दांडीवर ओली फडकी वाळत होती!

म्हणून पाहणीला एक व्हीलचेअर वापरणारी आणि एक अंध व्यक्ती सोबत घ्याच, त्यांना मानधनही द्या.

कमिटीत कोणी 'जुन्या इमारतीला कुठे लागतं हे' म्हणालं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ४५ दाखवा. ते अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींसाठीच आहे.