अपूर्णांकांची बेरीज शिकवताना

सहावीचा वर्ग तुम्ही पहिल्यांदाच घेत आहात, म्हणून आग्रहाने सांगते की अपूर्णांकांच्या बेरजेची सुरुवात लसाविच्या नियमाने करू नका. १/२ + १/३ याचे उत्तर २/५ लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात, कारण ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. अशा वेळी उत्तर खोडण्याऐवजी, २/५ तर १/२ पेक्षाही लहान आहे, मग मिळवल्यावर संख्या कमी कशी झाली, एवढेच विचारा आणि थांबा; त्यानंतरची वर्गातली शांतता मला फार मोलाची वाटते. मग चौकटीच्या वहीतून १२ घरांची पट्टी कापायला द्या. तिच्या निम्म्या भागाची ६ आणि तिसऱ्या हिश्श्याची ४ घरे रंगवली की १० घरे भरतात, म्हणजेच ५/६. १० घरांच्या पट्टीचा तिसरा हिस्सा पूर्ण घरांत पडत नाही, हेही मुद्दाम करून पाहू द्या. समान छेद कशासाठी शोधायचा, हे तिथेच उमगते.

धन-ऋण संख्यांच्या सरावाला पत्ते उत्तम. काळा पत्ता धन, लाल ऋण. काळी सत्ती आणि लाल नव्वी आली, तर उत्तर उणे २.