लिव्हर येतात, चार्ट येतो का?

प्रश्न: काका, मी सहा वर्षं मोबाइल क्रेनवर हेल्पर आहे. उस्ताद जेवायला गेले की लहानसहान लोड मीच उचलतो, हात चांगला बसलाय. आता साहेब म्हणतात, ‘तूच चालव, परवान्याचं मागाहून बघू.’ उस्ताद म्हणतात, थांब. जे येतं त्याचीच परीक्षा कशाला द्यायची?
– एक हेल्पर

उत्तर: उस्तादांचं ऐका. आणि ते जेवायला गेले की कॅबिनमध्ये चढणं आजपासून बंद.

तुमचा हात बसला असेल, त्याबद्दल मला शंका नाही. लिव्हर महिनाभरात कुणालाही येतात. परीक्षेत विचारतात ते वेगळंच. 25 टनी क्रेन 25 टन कधी उचलते? बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, पूर्ण आखडलेली, रेडियस, म्हणजे क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून हूकपर्यंतचं आडवं अंतर, तीनेक मीटर, चारही आउटरिगर, म्हणजे बाजूला काढायचे आधाराचे पाय, पूर्ण बाहेर, तेव्हाच. रेडियस 12 मीटरवर गेला की तिचाच आकडा पाच टनांच्या आसपास घसरतो. त्यातून हूक ब्लॉक, स्लिंग (लोड बांधायचे दोर), शॅकल (जोडायच्या कड्या) यांचं वजन वजा. वर लोड आला की बूम वाकते आणि रेडियस आणखी वाढतो. हे सगळं लोड चार्टवर, म्हणजे किती रेडियसला किती वजन चालतं त्या तक्त्यावर, बोट ठेवून सांगता येतं का, ते आधी बघा.

माझीच गोष्ट सांगतो. परवाना खिशात होता, दहा वर्षं झाली होती. एक लोखंडी टाकी हलवायची होती. ‘रिकामी आहे, तीन टन,’ असं सांगितलं आणि मी मान डोलावली. झाकण उघडून कुणी पाहिलं नाही. जमिनीपासून वीतभर उचलली तोच जादा वजनाचा अलार्म वाजला. मागे गाड्या खोळंबलेल्या, आरडाओरडा चाललेला. माझा हात बायपासच्या, म्हणजे ती सुरक्षा बंद करायच्या, चावीकडे गेला होता, खोटं कशाला सांगू! तेवढ्यात लोडच्या उलट बाजूच्या आउटरिगरजवळून जाताना हेल्परचा पाय खालच्या फळीला लागला आणि फळी सरकली. टनावारी भार असलेली फळी पायाने सरकत नाही; म्हणजे तो पाय हलका होऊन क्रेन लोडकडे कलायला लागली होती. तो ओरडला, मी टाकी खाली टेकवली. आत गुडघाभर पाणी निघालं. दोन मीटर व्यासाच्या टाकीत अर्धा मीटर पाणी म्हणजे दीड टनाहून जास्त.

तेव्हा परवान्याने मला वाचवलं नाही, हेही खरं. पण ‘वजनाचा कागद दाखवा, नाहीतर उचलत नाही’ हे म्हणायचा हक्क त्याने मला दिला होता. मीच तो वापरला नाही. परवाना नसलेल्या माणसाला तर तो हक्कही नसतो. साहेबांना नेमका असाच माणूस सोयीचा पडतो.

14 जुलै 1999 ला अमेरिकेत मिलवॉकीच्या स्टेडियमचं छप्पर चढवताना ‘बिग ब्लू’ नावाची अजस्र क्रेन कोसळली, तीन कामगार गेले. उचललेला तुकडा 400 टनांहून जड होता. क्रेनला बसणारा वारा हिशेबात होता, त्या तुकड्याच्या पसाऱ्याला बसणारा नव्हता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. हे हाताला कळत नाही, शिकावंच लागतं.

नुसत्या कार्डावरही भागत नाही. अमेरिकेच्या नियमांत प्रमाणपत्र असलं तरी मालकाने ऑपरेटरला त्या यंत्रावर, त्या कामावर स्वतः तपासायचं असतं. म्हणजे ‘मागाहून बघू’ला जागाच नाही.

तोवर एक करा. उस्तादांनी प्रत्येक लोड उचलायच्या आधी रेडियस आणि वजन स्वतः काढून वहीत लिहा, मग कॅबिनमधला आकडा त्यांना विचारा. वही भरली की परीक्षेचा फॉर्म भरा.

प्रश्न: लोड 10 टन, स्लिंगचे पाय दोन, पण स्लिंग आखूड आहेत. प्रत्येकावर पाचच टन येणार ना?
– एक रिगर

उत्तर: पाय सरळ उभे असतील तरच. आडव्याशी 60 अंशांचा कोन असेल तर प्रत्येक पायावर 5.8 टन येतात, 30 अंशांवर पूर्ण 10. लांब स्लिंग मागवा. हूकला वर तेवढी जागा नसेल तर लिफ्टिंग बीम, म्हणजे मधोमध हूकला अडकवायची आडवी तुळई, लावा.